संस्थेला बाणा असतो की ब्रीद?

प्रश्न नाशिकच्याच एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी पाठवला आहे. वाचनालयाची वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे. काही वर्षांपूर्वी व्याख्यानमालेतलं एक भाषण रद्द करा, असा निरोप एका पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्याकडून आला होता. कार्यकारिणीने भाषण ठरल्याप्रमाणे होऊ दिलं. त्याबद्दल स्मरणिकेत वाक्य लिहिलं गेलं: 'राजकीय दबावाखाली संस्थेने आपली मूल्ये जपली.' त्यावरून संपादक मंडळात जुंपली. एकाला 'मूल्ये जपली' गुळगुळीत वाटतं, त्याला 'बाणा राखला' हवं आहे. दुसरे म्हणतात, बाणा माणसाला असतो, संस्थेला कसला बाणा? तिसऱ्यांना 'कणा ताठ ठेवला' घालायचं आहे. यातलं बरोबर कोणतं?

तिघेही ज्या शब्दावर भांडले नाहीत, तिथून सुरुवात करतो. वाक्यातली खरी चूक 'दबावाखाली' ही आहे. मराठीत 'दबावाखाली अमुक केलं' याचा अर्थ दबावामुळे केलं, नाइलाजाने केलं. 'दबावाखाली राजीनामा दिला', 'दबावाखाली जबाब फिरवला', ही वाक्यं ऐका. म्हणजे तुमचं वाक्य सांगतं की वरून दट्ट्या आला म्हणून संस्थेने नाइलाजाने मूल्ये जपली! पदाधिकाऱ्याने वाचलं तर तो श्रेय घ्यायला येईल. ही रचना इंग्रजीतून उचललेली आहे. तिकडे त्या शब्दाने नुसती परिस्थिती कळते, आपल्याकडे कारण कळतं. 'दबाव येऊनही', 'दबाव असतानाही', 'दबावाला न जुमानता' यांपैकी काहीही चालेल.

आता 'दबाव' हा शब्द तरी नेमका आहे का? दबाव दुसरा आणतो, दडपण आपल्याला येतं. पेपरच्या आदल्या रात्री मुलाला दडपण येतं, त्याच्यावर कुणी काही आणलेलं नसलं तरी. संस्थांच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे, कारण पुष्कळदा दबाव आलेलाच नसतो, दडपण मात्र आलेलं असतं. कुणाचा फोन नाही, चिठ्ठी नाही, पण 'उगाच कशाला' असं म्हणून वक्त्याचं नाव यादीतून आधीच गळतं. तुमच्याकडे निरोप प्रत्यक्ष आला होता, तेव्हा 'दबाव' म्हणणं रास्त आहे. ज्या वर्षी निरोप न येताच नाव गळलं, त्या वर्षाबद्दल लिहाल तेव्हा 'दडपण' वापरा. (ते कुणी लिहीत नाही, हा भाग वेगळा.)

खरं तर बोलताना आपण दोन्ही शब्द फारसे वापरत नाही. बोलताना 'साहेबांनी शब्द टाकलाय' असं म्हणतो. 'त्यांचं वजन आहे', 'वरून सांगणं आलंय', 'शब्दाचा मान ठेवा'. या सगळ्या प्रयोगांत धमकी कुठेही नाही, उलट सौजन्य ओसंडून वाहतंय. शब्द टाकणारा मान मागतो, आणि नकार देणारा उद्धट ठरतो. जुन्या मराठीत याला नेमका शब्द होता: भीड. भीड घालणे, भिडेला पडणे, भीडमुर्वत न ठेवणे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण लाजाळू मुलांना ऐकवतो, पण ती कार्यकारिणीच्या बैठकीत टांगायच्या लायकीची आहे. तुमच्या कार्यकारिणीने तोडली ती भीडच. 'कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता' हा प्रयोग आज थोडा दरबारी वाटेल, पण जे घडलं त्याचं वर्णन 'दबावा'पेक्षा तोच चांगलं करतो.

'संस्था' या शब्दाचीही इथे एक गंमत आहे. महाराष्ट्रात कुठल्याही शाळा-कॉलेजाचं नाव काढा, पुढचा प्रश्न येतो, 'संस्था कुणाची?' आणि उत्तर म्हणून आडनाव मिळतं. 'संस्थाचालक' या शब्दात चालवणारा माणूस इतका ठळक झाला आहे की संस्था त्याची मालमत्ता वाटावी. अशा ठिकाणी 'राजकीय दबाव' म्हणणंच अवघड, कारण दबाव बाहेरून यायला राजकारण बाहेर असावं लागतं. तुमच्या वाचनालयाबद्दल 'कुणाचं?' असं विचारलं तर 'सभासदांचं' असं उत्तर येत असेल, तर ती गोष्ट स्मरणिकेत त्या भाषणाच्या आधी लिहा. भाषण होऊ शकलं त्याचं कारण बहुधा तेच असेल.

क्रियापदांकडे वळलो की एक गोष्ट मला नेहमी खटकते. नमतं घेण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा: झुकणे, वाकणे, नमणे, मान तुकवणे, बळी पडणे, शेपूट घालणे, लोटांगण घालणे. उभं राहण्यासाठी? जुमानलं नाही. बधला नाही. भीक घातली नाही. दाद दिली नाही. सगळीकडे 'नाही'! यातलं 'बधणे' तर होकारार्थी जवळपास ऐकूच येत नाही, आणि 'जुमानणे'ही बहुतेक नकारातच भेटतं. 'दाद देणे' होकारात गेलं की गाणं ऐकायला बसल्यासारखं होतं. म्हणजे टिकून राहणं हे आपल्या भाषेत प्रामुख्याने काहीतरी न करणं आहे. मला हे उणेपण वाटत नाही. तुमच्या कार्यकारिणीनेही काही पराक्रम केला नाही, ठरलेलं रद्द केलं नाही एवढंच. तेव्हा वाक्यात 'नाही' येऊ द्या. 'मूल्ये जपली' हे होकारार्थी वाक्य म्हणूनच पोकळ लागतं. जपायला ती काय कपाटात होती?

'मूल्य' या शब्दाबद्दल एवढंच की संस्कृतात आणि जुन्या मराठीत त्याचा सरळ अर्थ किंमत. नैतिक अर्थाने अनेकवचनात 'मूल्ये' म्हणणं हे अलीकडचं, 'मूल्यशिक्षण'च्या कुळातलं. चूक नाही, रुळलेलं आहे. पण पुस्तकाच्या मागे छापतात तेही मूल्यच, हे वाचनालयाने तरी लक्षात ठेवावं. आणि 'कणा' टाळा. नाशिकमध्ये तो शब्द लिहिला की वाचकाला एक कविता आठवणार आणि तुमचं वाक्य तिच्या शेजारी उभं राहून बारीक दिसणार.

आता बाणा. मुळात बाणा म्हणजे धारण केलेला वेष, रूप. हिंदीतला 'केसरिया बाना' आठवा. वेषावरून वृत्तीकडे अर्थ सरकला: शिपाईबाणा, मराठी बाणा. 'अंगी बाणणे', 'अंगी बाणवणे' ही क्रियापदं त्याच्या शेजारीच नांदतात, आणि त्यांना 'अंग' लागतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या सभासदांचा कान बरोबर आहे. 'बाणेदार' म्हटलं की डोळ्यांपुढे माणूस येतो, फार तर त्या माणसाचं उत्तर. मराठी माणसाला तर एकच माणूस आठवतो: रामशास्त्री प्रभुणे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि रामशास्त्र्यांनी खुद्द राघोबादादांना सुनावलं की याला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, आणि पद सोडून ते निघून गेले. (गंगापूर रस्त्याने जाताना लागणारं आनंदवल्ली हे नाव याच राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेलं. त्या प्रकरणातली 'ध चा मा' करणारी म्हणून दंतकथेने तिला कायमची डकवली आहे.)

या गोष्टीत एक अडचण आहे, ती आपण सहसा बघत नाही. रामशास्त्र्यांचा बाणा राहिला, पण न्यायासन? ते त्या दिवशी रिकामं झालं. पुढे कारभाऱ्यांच्या राजवटीत त्यांना पुन्हा न्यायाधीशपदी आणलं गेलं ही गोष्ट वेगळी, पण ज्या घटकेला गरज होती त्या घटकेला माणूस ताठ राहिला आणि संस्था उघडी पडली. बाणेदार माणसाला राजीनामा देऊन बाहेर पडता येतं. संस्थेला कुठे बाहेर पडता येणार? तिला तिथेच राहून, दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून, वर्गणी गोळा करून, त्याच पदाधिकाऱ्याला पुन्हा निमंत्रणपत्रिका पाठवून टिकायचं असतं. म्हणून 'बाणा' तिला तोकडा पडतो.

संस्थेसाठी मराठीत दुसरा शब्द आहे आणि तो रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो: ब्रीद. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य तुम्ही हजारदा वाचलं असेल. त्यातलं 'वाक्य' आपल्याला दिसतं, 'ब्रीद' दिसत नाही. ब्रीद हे संस्कृत बिरुदावरून आलेलं. बिरुद म्हणजे मिरवायची पदवी. पण मराठीत येताना त्याला एक ओझं चिकटलं. ब्रीद हा नुसता मान नाही, जाहीर केलेली प्रतिज्ञा आहे, आणि ती अंगावर खूण म्हणून वागवायची असते. मनाच्या श्लोकांत 'पदी राघवाचे सदा ब्रीद गाजे' असं म्हटलं आहे. ब्रीद पायी आहे आणि ते गाजतं आहे, कारण प्रतिज्ञेची खूण म्हणून पायात तोडर घालायची रीत होती. चालताना तो वाजायचा. म्हणजे घालणाऱ्याला ते लपवता येत नसे. हे लिहिणारे रामदास नाशिकजवळच्या टाकळीला तप करून गेलेले, तेव्हा उदाहरण घरचंच म्हणायचं.

बाणा माझा मला ठाऊक असतो. ब्रीद इतरांना ठाऊक असतं, आणि म्हणून इतरांना त्यावरून मला धरता येतं. संतांनी विठ्ठलाला असंच धरलं. नामदेवांचा म्हणून गायला जाणारा अभंग आठवा: पतितपावन असं नाव ऐकून दाराशी आलो, तू तसा नाहीस म्हणून परत चाललो, मग देवा ते ब्रीद सोडून दे. देवालासुद्धा त्याच्या ब्रीदवाक्यावरून जाब विचारण्याची ही सोय 'मूल्य' या शब्दात नाही.

आणि दाराची गोष्ट निघालीच आहे तर पंचवटीतलं दार टाळता येणार नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याच्या संघटनेत आघाडीवर होते, आणि तो पुढे काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. आता विचार करा: दार बंद ठेवणाऱ्यांनी स्मरणिका काढली असती तर तिच्यात काय लिहिलं असतं? 'बाहेरच्या दबावाला न जुमानता संस्थेने आपली मूल्ये जपली.' वाक्य जवळपास तेच! 'बाणा राखला' सुद्धा त्यांना लिहिता आलं असतं. 'ब्रीद राखलं' मात्र लिहिता आलं नसतं, कारण आत जो देव होता त्याचं ब्रीद पतितपावन. न वाकण्याला मराठीत इतरही नावं आहेत: ताठा, हेका, आडमुठेपणा. बाहेरून ती आणि बाणा एकसारखेच दिसतात. कोणतं नाव लावायचं हे न वाकण्यावरून ठरत नाही, काय जाहीर केलं होतं त्यावरून ठरतं. स्मरणिकेसाठी माझ्या दृष्टीने हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

माणसाचा बाणा आणि संस्थेचं ब्रीद यांची फारकत कशी होते, याचं अलीकडचं उदाहरण आणीबाणीतलं. अटकेतल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन ते फिरवलं. विरोधात एकटे न्या. ह. रा. खन्ना. पुढच्या वर्षी ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. इथे 'बाणेदार' हा शब्द चपखल बसतो, तो त्या एका माणसाला. 'यतो धर्मस्ततो जयः' हे ज्या संस्थेचं ब्रीदवाक्य, तिने तो निकाल चुकीचा होता असं २०१७ मध्ये, नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडून सांगितलं. एकेचाळीस वर्षं लागली. उशीर झाला हे खरंच, पण ब्रीद भिंतीवर होतं म्हणून त्यावरून बोलता तरी आलं.

तर तुमचं वाक्य. 'ब्रिदाला जागणे' हा प्रयोग इथे बसतो. मिठाला जागावं तसं. पण तो वापरायचा तर ब्रीद काय होतं ते आधीच्या वाक्यात यायला हवं. घटनेत, नियमावलीत, पहिल्या अहवालात, कुठेतरी 'सर्व मतांना व्यासपीठ' अशा अर्थाचं काही असेलच, ते शोधा. मी असं लिहीन: 'हे भाषण रद्द करावे असा शब्द एका राजकीय पक्षाकडून आला होता. कार्यकारिणीने कोणाची भीड न धरता ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी होऊ दिले. सर्व मतांना व्यासपीठ देण्याच्या ब्रिदाला संस्था जागली.' तसं काही कुठेच लिहिलेलं सापडलं नाही, तर तिसरं वाक्य गाळा. पहिली दोन पुरेशी आहेत. 'बाणेदार' हवंच असेल तर त्या दिवशी फोन घेऊन 'नाही' म्हणणारे जे कोणी होते, त्यांच्यासाठी ठेवा, त्यांची हरकत नसेल तर.

मुद्रितशोधकांसाठी एक सूचना: 'ब्रीद' दीर्घ, 'ब्रीदवाक्य'ही दीर्घ, पण प्रत्यय लागला की 'ब्रिदाला', 'ब्रिदाचा' असं ऱ्हस्व. मीठ-मिठाला, तसंच. मुखपृष्ठावर 'ब्रिदवाक्य' छापलेल्या दोन-तीन स्मरणिका माझ्या कपाटात आहेत.