मोटारी भरणाऱ्याच्या घरचा हिशेब

"मॅडम, इलेक्ट्रिकल करून पोरीला शेवटी मिळणार काय? माझ्यासारख्या मोटारीच भरायच्या असतील, तर चार वर्षं आणि एवढा पैसा कशाला घालवायचा?"

२०२४ चा जून संपत आला होता. सीईटीचा निकाल लागून आठवडा-दहा दिवस झाले असतील. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत, जिथं मी प्रवेशाचा आणि करिअरचा सल्ला देते, आई, वडील आणि मुलगी बसले होते आणि हा प्रश्न वडिलांचा होता. दरवर्षी जून-जुलैत हाच प्रश्न शब्द बदलून माझ्याकडे येतो. पण विचारणारा स्वतः आयुष्यभर विजेच्या धंद्यात राहिलेला, असं क्वचित होतं. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.)

मिरज रस्त्याला त्यांचं रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं दुकान. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणते. जळालेली तार उपसायची, खाचांत नवा कागद बसवायचा, मोजून नवे वेढे भरायचे, वॉर्निश पाजून सुकवायचं. एप्रिल-मेमध्ये तासगाव, कवठेमहांकाळकडच्या पाणबुडी मोटारी दुकानासमोर ओळीनं पडलेल्या असतात. मुलगी सातवीपासून सुट्टीत तिथं वेढे मोजायला बसायची. तिला सीईटीत ८३ पर्सेंटाईल होते आणि इलेक्ट्रिकलच घ्यायचं होतं. मिस्त्रींनी मात्र पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटरची मॅनेजमेंटची जागा ठरवत आणली होती, एका एजंटामार्फत. त्यासाठी गावाकडची पंधरा गुंठे काढायची तयारी होती.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मी इलेक्ट्रिकलची बाजू मांडत सुटले. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आपल्या शेजारी, जतकडे पवनचक्क्या, म्हैसाळ-टेंभू-ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पंप, आता सोलर, असं सगळं सांगितलं. एका कॉलेजच्या माहितीपत्रातला वर्षाचा 'पॅकेज'चा आकडाही सांगितला. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुपवाडच्या एमआयडीसीत शिकलेली पोरं पंधरा-सोळा हजारावर राबत्यात, मॅडम. मी रोज बघतोय. तुमचा आकडा कुठल्या गावचा?"

त्यांचं बरोबर होतं. माहितीपत्रातला आकडा वरच्या दोन-चार मुलांचा असतो. कोयनेची वीज जवळ तयार होते म्हणून जवळच्या मुलीला नोकरी मिळत नाही, हेही मला कळायला हवं होतं.

मग मी दोघांनाही काम दिलं. मुलीनं नोकरीत असलेल्या तीन इलेक्ट्रिकल इंजिनिअरांना भेटायचं आणि विचारायचं: पहिला पगार किती होता, आज किती आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत करता काय. मिस्त्रींनी पुण्याचा खर्च कागदावर मांडून आणायचा, एजंटाचे 'वरचे' धरून. तोवर तिघांनी एका ताटात जेवूनही हा हिशेब एकत्र बसून कधी मांडलेला नव्हता. मुलीला पंधरा गुंठ्यांची गोष्ट माझ्यासमोर पहिल्यांदा कळली. तिचा चेहरा मी विसरले नाही.

दुसरी भेट जुलैच्या मध्यावर झाली. मिस्त्रींचा कागद वहीतला, पण आकडे नीट: फी १ लाख ८० हजार, राहणं-खाणं १ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. चार वर्षांचे १२. वर एजंटाचे ३. एकूण १५ लाख. मी त्यांना आधी हे सांगितलं की फीच्या वर असे पैसे मागणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि एजंटाकडून पावती मिळणार नाही. पोरीनं पहिल्या वर्षी कॉलेज सोडलं तर ते तीन लाख मागायचे कुणाकडे? ते गप्प झाले.

मग म्हणाले, जमीन पाच लाखांची जाईल, उरलेलं बँकेचं कर्ज काढू. आम्ही तेही मांडलं. दरवर्षी अडीच लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं, शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नाही. तेवढ्या काळात सरळ व्याजच साडेतीन लाख होतं. साडेतेरा लाख सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता २२ हजार ४०० च्या आसपास. मुलीनं मोबाईलवर दोनदा करून बघितलं.

तिनं आणलेली माहिती मला जास्त मोलाची वाटली. कुपवाडला पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यातला मुलगा १६ हजारांवर लागला, चार वर्षांनी ३४ हजारांवर आहे. दुसरा चाकणला मेंटेनन्सला, २२ पासून सुरुवात करून सहा वर्षांत ५५. "ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) आणि पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा छोटा संगणक) शिकलो म्हणून, नाहीतर अजून फ्यूज बदलत बसलो असतो," असं त्यानं सांगितलं होतं. तिसऱ्या ताई महावितरणमध्ये. पगार चांगला, पण पदवीनंतर तीन वर्षं घरी अभ्यास केला तेव्हा निवड झाली, आणि भरतीची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. गेट या पदवीनंतरच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या केंद्राच्या कंपन्या घेतात हेही त्यांनीच सांगितलं, आणि गेटला किती घासावं लागतं तेही.

तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. पण एवढं दिसलं की या शाखेत पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी असतो आणि पुढचा चढ हातातल्या कौशल्यावर ठरतो. असल्या नोकरीच्या डोक्यावर २२ हजारांचा हप्ता बसवला तर मुलगी ती कमी पगाराची, शिकण्याची वर्षं काढू शकणार नाही. मिळेल ते धरेल. माझ्या मते पालकांनी "कुठली शाखा" याच्या आधी हा हप्ता काढून बघावा. हा हिशेब कॉम्प्युटरलाही तसाच लागतो. तिथं सगळ्यांनाच पुण्यात मोठा पगार मिळतो, हा आपल्याकडचा सर्वांत महाग गैरसमज आहे.

दोन भेटींच्या मधे आणखी एक गोष्ट घडली होती. त्याच जुलैत शासन निर्णय निघाला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी होती. घर ओबीसीत बसत होतं, उत्पन्न मर्यादेच्या खाली. अट एकच, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंटच्या जागेला, अभिमत किंवा खासगी विद्यापीठाला ही सवलत नाही. म्हणजे एजंटाच्या दारातून गेलं की तीन लाख वर जाणार आणि माफीही जाणार.

८३ ला सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय कॉलेज मिळणार नव्हतं, ते मी स्पष्ट सांगितलं. पण एसटीनं तासाभरावरचं, बऱ्या प्रयोगशाळेचं खासगी कॉलेज मिळण्यासारखं होतं. डेव्हलपमेंट फी, बसपास, पुस्तकं, लॅपटॉप धरून चार वर्षांचे अडीच ते तीन लाख. "म्हणजे जमीन राहते," आई म्हणाल्या. दोन्ही भेटींतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

मिस्त्री तरी खूश नव्हते. मी विचारलं, आता पैशाचं तर बसतंय, मग काय अडतंय? बराच वेळ खाली बघून ते बोलले. "कारखान्यातनं साहेब येतो. मोटार का जळली ते मी सांगतो. तो लिहून घेतो आणि सही करतो. माझं बिल तीन हजार. उद्या ही शिकून परत माझ्याच बाकड्यावर बसली तर लोक म्हणतील, मिस्त्रीनं पोरगीला शिकवून तार मोजायला बसवलं."

मुलगी एवढंच म्हणाली, "पप्पा, त्या साहेबाची सही मला करायचीय."

मी त्यावर काही बोलले नाही. कागदपत्रांकडे वळले, कारण तीच खरी घाई होती. उत्पन्नाचा दाखला होता, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली. दरवर्षी दहाजण तरी याच कारणानं सवलतीला मुकतात, आणि जुलैत सेतू कार्यालयातल्या रांगेचं वर्णन नको. मे महिन्यातच दाखले काढून ठेवा, हे मी आता घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

मी इलेक्ट्रिकलची शिफारस सरसकट करते असं मात्र कुणी समजू नये. त्याच महिन्यात एका मुलाला मी नको म्हणाले होते. त्याला ती जागा केवळ मिळतेय म्हणून घ्यायची होती. या शाखेत गणित चारही वर्षं पाठ सोडत नाही, आणि इयर डाऊन झालं, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया गेलं, की वर्षाचा खर्च अंगावर येतो. दहावीनंतरच ओढ दिसत असेल तर तंत्रनिकेतनातून पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणं मला अनेक घरांसाठी बरं वाटतं. मिस्त्रींच्या घरी ती वेळ निघून गेली होती.

मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, एकदा अडकली, तेव्हा मिस्त्रींचा फोन आला होता, घाबरलेला. दिवाळीनंतर पुन्हा आला, वेगळ्याच कारणानं. एका कारखान्याची मोटार त्यांच्याकडे तिसऱ्यांदा भरायला आली होती. मुलीनं विचारलं म्हणे, ही ड्राइव्हवर चालते का, आणि ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत केबल किती लांब आहे? लांब केबलवर व्होल्टेजचे झटके दुप्पट होऊन पहिले वेढेच जळतात. मिस्त्रींनी कारखान्यात जाऊन केबल मोजली.

"ऐंशी मीटर निघाली, मॅडम," ते म्हणाले. "आता ते कागदावर लिहून द्यायचंय. ती शनिवारी येतीय."