बोट ठेवलेल्या वचनाच्या पुढे

जूनच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक भाऊ आले. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) चार एकर काळी, कपाशीची; उन्हाळ्यात गवंडीकाम. पहिला पाऊस पडला त्या रात्री त्यांनी प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि बोट ठेवलं. निघालं उपदेशक 11:4 : वाऱ्याकडे पाहत बसणारा पेरणार नाही. सकाळीच सरकी टोबली. मग पावसानं दडी मारली. आता दुबार पेरणी.

"ताई, देव मले चुकीचं सांगन काय? का माहा विश्वासच कच्चा हाय?"

हे मला पुष्कळ जण विचारतात. पण कर्जाचा आकडा ऐकून मी आधी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? नाही म्हणाले, पण झोप उडालेली. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर त्यांच्या फोनात घालून दिला. आपल्या भागात हे प्रार्थनेच्याही आधी विचारावं.

मग तोच अध्याय पुढे वाचला. दोनच वचनं खाली येतं : सकाळी पेर, संध्याकाळी हात आखडू नको, कारण कोणतं फळेल ते तुला ठाऊक नाही. पिकाची हमी तिथं नाहीच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग सांगतच असतो. आणि चांगला सल्ला ऐकावा, हे बायबलातलंच नीतिसूत्रे हे पुस्तक पुन्हा पुन्हा सांगतं. तो ऐकला म्हणून विश्वास उणा होत नाही, असं मी मनापासून मानते.

"मंग विश्वासाचा पाया कोनता?"

"तुम्ही गवंडी. काळीत पाया कुठवर नेता?"

"मुरूम लागेपर्यंत खनतो. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भिंत तडकते."

लूक 6:48 उघडलं. येशूचा दृष्टांत : एकानं खोल खणून खडकावर घराचा पाया घातला, दुसऱ्यानं पायाविनाच मातीवर घर बांधलं. खडकावरचं घर मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे, पण 'खोल खणलं' हे लूकच सांगतो. येशूचं ऐकून तसं वागणं, हा त्याचा पाया. मनाला जाणवलेली खूण, हाती आलेलं पीक, हे काळ्या मातीसारखं फुगतं-आकसतं. आणि पूर दोन्ही घरांना लागतो.

भाऊ ते वचन बराच वेळ बघत राहिले. "दोघाइलेही लागते," एवढंच म्हणाले.

जुलैत चांगला पाऊस झाल्यावर त्यांनी कृषी सहाय्यकाला फोन केला, घरच्यांसोबत प्रार्थना केली आणि उसन्या बियाण्यावर सोयाबीन पेरलं. झोप अजून पुरती लागत नाही. रविवारी उपासनेनंतर आम्ही थोडा वेळ बसतो.