विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप हळू झालाय, पुन्हा १० वर जाऊ का?

परवाच अपग्रेड केलंय म्हणताय, मग इतक्यात काही ठरवू नका. आणि कुणी "फॉरमॅट मार, सगळं ठीक होतं" असं सांगत असेल तर त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका. हे दुसरं मी जरा जास्तच जोर देऊन लिहितेय, कारण असा एक माणूस माझ्या सख्ख्या नात्यात आहे.

तुमच्या तक्रारी तीन: पंखा थांबत नाही, स्टार्टचं बटण मधोमध गेलंय आणि राइट क्लिक केलं की निम्मे पर्याय गायब. शेवटच्या दोन आधी उरकते. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. गायब पर्याय शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुन्या मेनूत सापडतात. मला स्वतःला खुपलं ते वेगळंच. टास्कबार उभा करून डाव्या कडेला ठेवायची सोय ११ आलं तेव्हा सरळ काढूनच टाकली होती. स्क्रीन आडव्या होत चालल्यात, उंची आधीच तोकडी, आणि त्यात खालची पट्टी सक्तीची! हे ज्याने ठरवलं त्याला लांबलचक एक्सेल शीट कधी बघावी लागली नसणार. फाइल एक्सप्लोररला टॅब आले ते मात्र झकास. असो.

आता पंखा. वहिनीचा लॅपटॉप मीच ११ वर नेला. इंटेलच्या आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे ११ च्या अटीत जेमतेम बसणारा. टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) होतं, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद होतं, ते चालू केलं. रॅम ८ जीबी. आणि आत ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी हार्ड डिस्क, जी बदला म्हणून मी केव्हापासून कानीकपाळी ओरडत होते. दादाचं उत्तर ठरलेलं: "डिस्कने काय होतंय? प्रोसेसर म्हातारा झालाय. आणि नवीन विंडोज मुद्दाम जड करतात, लोकांनी नवीन मशीन घ्यावं म्हणून." आमचं हे भांडण विंडोज ७ च्या काळापासूनचं आहे. मी नोकरीत दिवसभर हेच काम करते, पण धाकट्या बहिणीला काय कळतंय!

अपग्रेड पार पडलं. मी स्लीप बंद केलं, वहिनीला सांगितलं की रात्रभर चार्जरला लावून चालू राहू दे, आणि निघाले. मी निघाल्यावर दादाने तो पुढ्यात ओढला. लगेच फोन. "मेला हा. माउससुद्धा अडकतोय."

म्हटलं, टास्क मॅनेजर उघड. डिस्कच्या रकान्यात काय आहे?

"शंभर टक्के."

"आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर?"

"पंधरा... वीस."

"मग तुझा म्हातारा तर निवांत बसलाय की!"

डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावायला सांगितला. वरती सर्च इंडेक्सर, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल आणि विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर. तुम्हीही उघडून बघा, बहुतेक हीच मंडळी दिसतील. मोठं अपग्रेड झालं की शोधासाठीची सूची नव्याने बनते, डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस, वरचं अँटीमालवेअर ते हेच) फाइली पुन्हा चाळतो, ड्रायव्हर आणि स्टोअरची अ‍ॅप मागच्या मागे उतरत असतात. सगळ्यांना एकाच वेळी डिस्क हवी असते. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि हेड सरकायला लागणारा वेळ वेगळा. इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फाइली वाचायच्या असल्या तर अशी डिस्क सेकंदाला शंभर वेळासुद्धा वाचू शकत नाही. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, ती हजारोंनी वाचते. अशा वेळी प्रोसेसर कितीही नवा असला तरी डिस्ककडे तोंड करून वाट बघत बसतो.

दादाने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि 'सफाई'ला लागला. सी ड्राइव्हवर त्याला विंडोज डॉट ओल्ड नावाचं वीसेक जीबीचं फोल्डर दिसलं. डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर टिक केली आणि उडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: "१० वर परत जायचंय, पण ते गो बॅक चालतच नाहीये." चालणार कसं? जुनं विंडोज त्याच फोल्डरमध्ये होतं! तर म्हणे, मग फॉरमॅट मारतो. त्याने पेन ड्राइव्ह शोधायला घेतला तेवढ्यात वहिनीने लॅपटॉप उचलला आणि तडक माझ्याकडे आणून दिला. "तुझ्या दादाच्या हाताला लागायच्या आत ठेवून घे."

मी तो टेबलावर चार्जरला लावून ठेवला आणि इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये 'इंडेक्सिंग कम्प्लीट' दिसेपर्यंत हात लावला नाही. तेवढ्यानेच पंखा गप्प झाला, माउस सरळ चालायला लागला. मग वहिनीला विचारून, दादाला न विचारता, एसएसडी घातली, जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल करून. प्रोसेसर तोच, रॅम तीच, 'मुद्दाम जड केलेलं' विंडोज ११ सुद्धा तेच. आता बटण दाबल्यावर वहिनीला चहा करून यायला वेळ मिळत नाही, एवढीच तिची तक्रार आहे. दादाच्या मते हा सगळा चमत्कार त्याने काढलेल्या त्या वीस जीबी कचऱ्याचा.

त्याचा राग अगदीच खोटा आहे असं नाही म्हणा. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि निव्वळ प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही म्हणून चांगली धडधाकट मशीन ११ च्या बाहेर राहिली. त्यावरून शिव्या घाला, मीही घालते. पण 'यादीत नाही' आणि 'हळू आहे' ही दोन वेगळी भांडणं आहेत, ती एकात कालवू नयेत.

तुमच्यापुरतं बोलायचं तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, ते आधी बघा. एचडीडी असेल तर १० असो की ११, डिस्क बदला. एसएसडी असूनही आठवडाभराने रडतच असेल तर स्टार्टअप अ‍ॅप बंद करा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. तरीही नाहीच जमलं तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक. याची मुदत १० दिवस असते. डिझम या विंडोजमधल्याच साधनाच्या एका कमांडने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मुदत संपायच्या आत. परत गेलात तर फाइली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात. आणि १० वर वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात, तेव्हा तिकडे कायमचा मुक्काम होणार नाही.

रॅम ४ जीबी असेल तर माझं वरचं सगळं विसरा. कागदावर ४ जीबीत ११ चालतं, पण ब्राउझर उघडला की संपलं. तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाका.

आणि डिस्क बदलण्याआधी किंवा बायॉसला हात लावण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघून घ्या. असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते का तपासा आणि कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका.