पाच स्वर, आर्सीनियस आणि पोथीतला हरताळ

विचारणा अशी आहे: ‘इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ह्याच क्रमाने आणि एकेकदाच येतात, असे शब्द दोनच आहेत हे खरे का?’

खरे नाही. आणि कृपा करून ‘एज्युकेशन’ म्हणू नका. हा प्रश्न निघाला की दर वेळी पहिले उत्तर तेच येते. त्यात पाचही स्वर आहेत, पण ई, यू, ए, आय, ओ असे. क्रम विचारलेला असताना ते उत्तर चूकच.

सगळ्यांना ठाऊक असलेले दोन म्हणजे फसीशस (एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस) आणि अ‍ॅब्स्टीमियस (ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस). पहिला गंभीर गोष्टीतही थट्टा करणाऱ्याला लावतात, दुसरा खाण्यापिण्यात संयम राखणाऱ्याला. दुसऱ्याच्या पोटात लॅटिनमधले ‘टेमेटुम’, म्हणजे कडक दारू, आहे. तिच्यापासून लांब राहतो तो अ‍ॅब्स्टीमियस. असे शब्द बहुतेक आय-ओ-यू-एस ह्या शेपटाचेच असतात, कारण शेवटचे तीन स्वर तिथे आयते ओळीने मिळतात. मग आधी एक ए आणि त्यामागून एक ई असला की झाले. वनस्पतींच्या वर्णनात निळसर करड्या रंगासाठी येणारा सीझियस (सी-ए-ई-एस-आय-ओ-यू-एस) असाच जमतो.

पण मला बोलायचे आहे ते आर्सीनियसबद्दल, म्हणजे आर्सेनिकयुक्त ह्या अर्थाच्या शब्दाबद्दल. ए-आर-एस-ई-एन-आय-ओ-यू-एस, अगदी चोख. कोडी रचणारी मंडळी तो मोजायला तयार नसतात. म्हणे तो रसायनशास्त्राचा शब्द, आणि आता त्यातला आय गाळूनही लिहितात. गाळणाऱ्यांनी खुशाल गाळावा. आय असलेले रूप कोशांत आहे आणि जुन्या औषधशास्त्राच्या पुस्तकांत तर तेच भेटते. आर्सीनियस ऑक्साइड म्हणजे आपला सोमल, ते पांढरे विष. ज्या पदार्थाला मराठीत घरचे नाव आहे त्याचा इंग्रजी शब्द परका म्हणून कसा बाजूला टाकता येईल?

शिवाय त्याची व्युत्पत्ती! अनेक पुस्तकांत लिहिलेले असते की ग्रीक ‘आर्सेनिकोस’ म्हणजे पुरुषी, जोरकस. पदार्थ जहाल म्हणून त्याला हे नाव पडले. हे साफ चुकीचे आहे. ग्रीकांनी एक परका शब्द ऐकला आणि तो आपल्या ओळखीच्या शब्दासारखा करून घेतला, इतकेच. मूळ शब्द इराणी, ‘झर्नीक’ अशा वळणाचा. सिरियॅक ह्या जुन्या सेमिटिक भाषेतून तो ग्रीकांकडे गेला. अर्थ सोनेरी, कारण ते नाव मुळात पांढऱ्या सोमलाचे नव्हतेच. ते होते एका झळझळीत पिवळ्या खनिजाचे, आर्सेनिक आणि गंधक ह्यांच्या संयुगाचे. लॅटिनमध्ये त्यालाच ‘ऑरिपिग्मेंटुम’ म्हणत, म्हणजे सोनरंग.

आणि आपण त्याला म्हणतो हरताळ!

इथे मला थांबवत नाही. इराणी ‘झ’च्या जागी संस्कृतात बऱ्याचदा ‘ह’ असतो: अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातला, ‘झस्त’ तो आपला हस्त, ‘अझेम्’ ते अहम्. तसेच तिकडचे ‘झर’ आणि इकडचे हरि, हरित, हिरण्य. फारसी ‘जर’ म्हणजे सोने, त्याची आपली जरी आणि जरतार. ‘जर्द’ म्हणजे पिवळा, त्याचा जर्दाळू, म्हणजे पिवळा आलुबुखार. संस्कृत हरिद्रेची हळद आणि हरितालाचा हरताळ. इंग्रजीतले यलो आणि गोल्डसुद्धा ह्याच कुळातले. पैठणीचा काठ, हळदीचा वाडगा आणि सोमलाचे इंग्रजी नाव एका घरातले निघतात, आणि हे कळल्यावर आर्सीनियसला कोड्यातून हाकलणाऱ्यांचा मला रागच येतो.

दुसरा राग ‘हरताळ फासणे’बद्दलचा. ‘आश्वासनांना हरताळ फासला’ म्हणजे संप करावा तसे काम बंद पाडले, असे भाषणांत आणि बातम्यांत समजावून सांगितलेले मी किती वेळा ऐकले आहे! संपाचा हरताळ वेगळा. तो हट्ट म्हणजे बाजार किंवा दुकान आणि ताळा म्हणजे कुलूप ह्यांतून आलेला. 6 एप्रिल 1919 रोजी रौलट कायद्याविरुद्ध देशभर पाळला गेला तो. तो पाळतात, फासत नाहीत. फासतात ते खनिज.

कसे फासतात ते मी एका जुन्या पोथीत पाहिले आहे. पिवळट हातकागद, काळी शाई, आणि तिसऱ्या ओळीत बोटाच्या पेरापेक्षा लहान असा पिवळा ठिपका. लिहिणाऱ्याचे अक्षर चुकले होते. त्याने हरताळाची पूड खळीत कालवून त्यावर लावली, वाळू दिली आणि वरून नवे अक्षर काढले. कागदाचा आणि हरताळाचा रंग इतका जवळचा की समोरून पाहिले तर काही कळत नाही. पान उजेडात तिरके धरले तेव्हा ठिपका चमकला आणि त्याच्याखाली चुकलेल्या अक्षराचा काना पुसट दिसला. हरताळ फासणे म्हणजे लिहिलेले असे झाकून रद्द करणे. वचनाला, नियमाला, कष्टांना हरताळ फासतात तो ह्याच अर्थाने.

तर प्रश्नाचे उत्तर: नेहमीचे दोन, त्यांत आर्सीनियस आणि सीझियस धरून चार, आणि मोठ्या कोशांत शोधलेत तर आणखीही शास्त्रीय शब्द सापडतील. उलटा क्रम हवा असेल तर सबकॉन्टिनेंटल घ्या: यू, ओ, आय, ई, ए, एकही कमी नाही की जास्त नाही.