उन्हात पिवळी पडलेली बाटली

प्रश्न : स्पिरुलिना (पाण्यात वाढणारं निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ) वाढवायची बाटली खिडकीत ठेवली. भरपूर ऊन मिळूनही चार दिवसांत पिवळट झाली. असं का?

उत्तर : भरपूर ऊन मिळालं, तेच नडलं! झेपेल त्याहून जास्त प्रकाश आला की पेशीतलं डी१ प्रथिन (प्रकाशापासून अन्न बनवण्याच्या यंत्रणेचा एक भाग) दुरुस्त होण्याआधीच मोडत जातं. मग पेशी प्रकाश टिपणारं निळं रंगद्रव्य, फायकोसायनिन, कमी करते. मग कॅरोटिनॉइड्स ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं उठून दिसतात. नवी, विरळ बाटली तर हमखास भाजते, कारण पेशींना एकमेकींची सावली नसते. मीही एकदा फ्लास्क थेट उन्हात ठेवला होता. संध्याकाळी तळाशी फिकट चोथा! आता सुती कापड दुहेरी गुंडाळते, पाणी गडद हिरवं झालं की एक पदर काढते. तुमची बाटली आजच सावलीत हलवा. निळसर झाक परतली तर वाचली.