कार्बनचा ईसीआर सोर्स सोमवारीच का रुसतो

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी २०० मायक्रोअँप सी-फोर-प्लस (चार इलेक्ट्रॉन काढलेला कार्बन) देणारा ईसीआर सोर्स, म्हणजे मायक्रोवेव्हने गॅसचा प्लाझ्मा करून प्रवेगकाला आयन पुरवणारं यंत्र, सोमवारी सकाळी त्याच सेटिंगला १५० वर अडकतो, आणि तुम्ही विचारताय की पॉवर वाढवू की गॅस, शिवाय वर्षातून किती वेळा उघडून साफ करायचा. आधी पहिल्याचं उत्तर देतो: सोमवारी सकाळी काहीच वाढवू नका.

कारण चेंबरची भिंत पण प्लाझ्माच्या खेळात असते. आठवडाभर कार्बन चालला की भिंतीवर थर बसतो आणि सोर्स त्या थरासकट रुळलेला असतो. दोन दिवस आरएफ (मायक्रोवेव्ह पॉवर) बंद राहिली की भिंत गार होते, तिच्यावर ओल नि उरलासुरला गॅस चिकटतो, आणि सोमवारी प्लाझ्मा पेटला की ते सगळं सुटून बाहेर येतं, म्हणजे व्हॉल्व्हवर तुम्हाला दिसतोय त्यापेक्षा आत गॅस आधीच जास्त आहे आणि तुम्ही त्यात अजून ओतताय. न्यूट्रल वाढले की सी-फोर-प्लस त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन सी-थ्री, सी-टू होऊन बसतो. स्पेक्ट्रम (कुठल्या मास-चार्ज गुणोत्तराला किती करंट) काढा, खालच्या चार्जचे पीक फुगलेले दिसले तर हेच आहे. दोन-तीन तास तसाच चालू ठेवा, बहुतेक वेळा आपोआप वर येतो. आम्ही शेवटी सुट्टीत सोर्स बंद करणंच सोडलं, बीम फॅराडे कपवर (बीम अडवून करंट मोजणारा कप) आणि सेटिंग तेच, सोमवारची कटकट जवळजवळ गेली.

ट्यूनिंगचं म्हणाल तर परमनंट मॅग्नेटवाल्या सोर्समध्ये फील्ड हातात नसतं (१४.५ गिगाहर्ट्झला रेझोनन्स ०.५२ टेस्लाच्या आसपास, तो मॅग्नेट बनवणाऱ्याने ठरवून टाकलेला). हातात उरतं काय तर गॅस, पॉवर, बायस (आतल्या चकतीला दिलेलं ऋण व्होल्टेज), आणि मायक्रोवेव्हचा अँप्लिफायर टीडब्ल्यूटी जातीचा असेल तर थोडी फ्रीक्वेन्सी. एका वेळी एकच हलवा. गॅस हलवलात तर किमान १५-२० मिनिटं हात खिशात. नवीन माणूस दर दोन मिनिटांनी काहीतरी फिरवतो आणि तासाभराने आपण कुठून निघालो तेच त्याला सांगता येत नाही, मीही तसाच होतो.

एक्स्ट्रॅक्शन व्होल्टेज (आयन बाहेर ओढणारं) मात्र करंटसाठी अजिबात हलवू नका. २४ केव्ही गुणिले ४ भागिले १२, म्हणजे न्यूक्लिऑनमागे ८ केईव्ही, आरएफक्यू (सोर्सनंतरचा पहिला प्रवेगक) तेवढ्याच वेगासाठी बांधलेला असतो. कपवर दोन मायक्रोअँप जास्त दिसतील आणि पुढे त्याहून जास्त गमवाल. (एच-थ्री-प्लसला पण २४ केव्हीवर तेच ८ येतात, म्हणून प्रोटॉनसाठी बऱ्याच ठिकाणी तो घेतात.)

सी-सिक्स-प्लस थेट सोर्समधूनच का नाही, हेही विचारलंय. चौथा इलेक्ट्रॉन काढायला साधारण ६४ इव्ही लागतात, पाचव्याला एकदम ३९२, सहाव्याला ४९०. त्यामुळे सी-फोर भरपूर मिळतो आणि उरलेले दोन लिनॅकनंतर (सरळ रेषेतला प्रवेगक) न्यूक्लिऑनमागे ७ एमईव्हीला पातळ फॉइलमध्ये निघतात. वर सी-सिक्सचं मास-चार्ज गुणोत्तर २, तिथेच हेलियम-टू-प्लस आणि ओ-एट-प्लस येऊन बसतात, मॅग्नेटला ते वेगळे करता येत नाहीत. हायडलबर्ग, पाविया इथल्या कार्बनने कॅन्सरवर उपचार करणाऱ्या केंद्रांत सगळीकडे हाच रस्ता आहे.

आता साफसफाई. कॅलेंडर बघून उघडू नका. चांगला चालणारा सोर्स केवळ तारीख आली म्हणून उघडला आणि लख्ख पुसला, असं मी एकदा केलंय. आधीचा करंट यायला चार दिवस लागले कारण थरही गेला आणि आत हवाही लागली. उघडायचं कारण हवं: स्पार्किंग वाढलं, किंवा ड्रेन करंट (हाय व्होल्टेज सप्लायमधून जाणारा एकूण करंट) चढतोय आणि कपवरचा पडतोय. असं असेल तर आधी एक्स्ट्रॅक्शनकडचा इन्सुलेटर बघा, काजळाच्या बोटाने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असते, टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. मीथेनवर चालवत असाल तर ती लवकर येते, कार्बन डायऑक्साइडवर उशिरा. पुलरचं (आयन ओढणाऱ्या इलेक्ट्रोडचं) भोक गोल आहे का तेही बघून घ्या.

उघडताना लोखंडी पाना हेक्सापोलजवळ (चेंबरभोवतीचा जोरदार मॅग्नेट) नेऊ नका, हातातून सुटला की बोट मध्ये सापडतं. हाय व्होल्टेज बंद केलं तरी अर्थिंग स्टिक लावल्याशिवाय आत हात नाही, आणि प्लाझ्मा चालू असताना एक्स-रे असतात त्यामुळे पिंजऱ्याचा इंटरलॉक 'पाच मिनिटांसाठी' कोणी बायपास केला तर भांडा. पाण्याचा फ्लो रोज लिहा. मॅग्नेट एकदा तापून उतरला की तो परत येत नाही, आणि ते तुम्हाला उशिरा कळतं.

लीकसाठी एक सोपी खूण. सी-थ्री, ओ-फोर आणि हेलियम-वन तिघेही मास-चार्ज गुणोत्तर ४ वर एकत्र येतात, त्या पीकवरून काही ठरवू नका. ३.५ वर बघा, तिथे एन-फोर-प्लस येतो आणि कार्बन-ऑक्सिजनचं कोणी नसतं. तो वाढत असेल तर हवा शिरतेय. मग लीक डिटेक्टर लावण्याआधी सपोर्टचा (प्लाझ्माला मदत म्हणून सोडलेला) हेलियम बंद करून नीट पंप होऊ द्या, नाहीतर सगळाच सोर्स लीक वाटेल.

सोमवारचा आणि शुक्रवारचा स्पेक्ट्रम काढलात की ३.५ चा पीक किती ते सांगा, दोन्हीत सारखाच असेल तर मी वर म्हणालो तेच आहे.