लग्न नाकारणाऱ्या नायिकेच्या वाट्याला कथेत शेवटी एकटेपणच का येते?

लग्न नाकारलेली नायिका शेवटी एकाकीच का दाखवली जाते, असे आपण विचारले आहे. मला वाटते, या एकाकीपणाचे मूळ तिच्या निवडीपेक्षा भोवतालच्या माणसांत अधिक असते. मालतीबाई बेडेकरांनी 'विभावरी शिरूरकर' या नावाने १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट उघडपणे मांडल्याबद्दल मोठे वादळ उठले. त्या मुलींना एकटेपण टोचते, हे खरे. पण ज्या घराला त्यांच्या मिळकतीचा आधार हवा असतो, त्याच घराला त्यांच्या मनाशी कर्तव्य नसते, आणि ते दुःख मला लग्न न होण्याच्या दुःखापेक्षा खोल वाटते.

आमच्या दापोलीकडे नवरा मुंबईत चाकरमानी आणि बायको गावी, अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या होती. भातलावणी, गुरे, सासूसासऱ्यांचे आजारपण हे सारे एकटीने निभावून ती गणपतीची आणि शिमग्याची वाट पाहत असे, तरी सौभाग्यवती असल्यामुळे तिला कोणी एकाकी म्हटले नाही. याउलट १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा याच तालुक्यातील मुरूड गावाने त्या दोघांना वाळीत टाकले. म्हणून अशी कथा वाचताना नायिका एकटी पडते, की तिला एकटे पाडले जाते, हे मी आधी पाहते. पुष्कळ लेखक हा भेद करतच नाहीत.